व्योमकेशचे शरदिंदूबाबू आपले कुणीच नव्हते का?

१९९३ साली दूरदर्शनवर 'व्योमकेश बक्षी' ही गुप्तहेराची मालिका लागली की शेजारच्या अक्का आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी येऊन बसायच्या. त्या कन्नड, आम्ही मराठी, मालिका हिंदी आणि गोष्ट मुळातली बंगाली. खुनी कोण यावर आई नि अक्कांचं भांडण मात्र दोन्ही भाषांत चालायचं. व्योमकेशची बायको सत्यवती झालेल्या सुकन्या कुलकर्णीला बघून आई म्हणायची, "ही आपली हं!"

पण लिहिणारा माणूस किती आपला होता, हे मला फार उशिरा कळलं. शरदिंदू बंद्योपाध्याय. जन्म १८९९, जौनपूरचा. १९३२ साली त्यांनी व्योमकेश लिहिला. त्याला 'डिटेक्टिव्ह' म्हटलेलं खपत नाही, तो 'सत्यान्वेषी'. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि त्या सिनेमाच्या धबडग्यात व्योमकेश जवळजवळ १५ वर्षं गप्पच राहिला. १९५२ च्या सुमारास सिनेमा सोडून ते पुण्यात स्थायिक झाले नि पुन्हा त्याच्याकडे वळले. म्हणजे नंतरच्या कितीतरी व्योमकेशकथा पुण्यात लिहिल्या गेल्या. बेळगावहून एसटीनं आपण सहज जातो, त्या पुण्यात!

पडद्यावर तो खूप जणांनी आणला. १९६७ साली सत्यजित राय यांनी उत्तमकुमारला घेऊन 'चिडियाखाना' केला, २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जींचा सिनेमा आला. तरी माझ्या मते खरा व्योमकेश बासू चॅटर्जींच्या मालिकेतलाच. रजित कपूर धोतर नेसून चहा पीत बसतो, त्याचा मित्र, के. के. रैनाचा अजित, शेजारी असतो, बायको रुसते, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी घरातलं पाप उघडं पडतं. शरदिंदूंच्या गोष्टीत गुन्हा बहुतेकदा पैसा, वारसा नि नात्यांतून येतो. भाऊबंदकी पाहिलेल्या आपल्या गावांना ते वेगळं सांगायला नको.

आणि एक. याच माणसानं शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. विजयनगरवर 'तुंगभद्रार तीरे' ही कादंबरीही लिहिली. शिवाजी महाराज आणि तुंगभद्रा, दोन्ही एकाच लेखणीतून! इथे बेळगावात एका पाटीवरची अक्षरं मराठी की कन्नड यावरून आपण किती वर्षं जीव जाळतोय. मला तरी त्यांचं सगळं लेखन मराठीतून आणि कन्नडमधूनही इथल्या प्रत्येक वाचनालयात शेजारी शेजारी हवं आहे. अक्का आता नाहीत. त्यांच्या नातवाला मी ती मालिका दाखवायला घेतली आहे, काल दुसरा भाग झाला.