प्लाझ्मा कटिंग आणि मोटारसायकलचा काळा गॉगल

आज दुपारी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यावर कठड्याचे माप द्यायला गेलो होतो. तेथे जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा प्लाझ्मा टॉर्चने, म्हणजे विजेच्या प्रखर झोताने धातू कापणाऱ्या हत्याराने, प्लेट कापत होता आणि त्याच्या डोळ्यांवर मोटारसायकलवर घालतात तसला, रस्त्यावर विकत मिळणारा गॉगल होता. मालकांना मी त्याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काळा आहे की हो, आणखी काय पाहिजे?" माझे हातपाय थरथरू लागले, कारण चौदा वर्षांपूर्वी हेच शब्द माझ्या तोंडून निघाले होते.

तेव्हा आमच्याकडे प्लाझ्माचे यंत्र नवीनच आले होते. टॉर्च माझ्या हातात होती, चेहऱ्यावर वेल्डिंगची स्क्रीन, म्हणजे काळी काच बसवलेली चेहरा झाकणारी ढाल, होती आणि पत्रा धरायला धाकटा भाऊ समोर बसला होता. "दादा, मला काय?" असे त्याने विचारले आणि "काळा आहे की, आणखी काय पाहिजे?" म्हणत मी खिशातला गॉगल काढून त्याच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत काहीही जाणवले नाही. रात्री दीडच्या सुमारास तो ओरडत उठला. डोळ्यांत तापलेली वाळू भरली आहे, असे तो म्हणत होता. आई बटाट्याच्या चकत्या करून त्याच्या पापण्यांवर ठेवत होती आणि मी दाराशी नुसता उभा होतो.

अतिनील किरणांनी कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, भाजतो. पण वेदना सहा ते बारा तासांनी सुरू होतात, त्यामुळे काम करताना माणसाला धोका कळतच नाही. स्वस्त गॉगल ही किरणे अडवेलच याची खात्री नसते, आणि अडवली तरी कडेच्या फटींतून उजेड आत येतोच. भाऊ दोन दिवसांत बरा झाला. मात्र प्रखर प्रकाशाने आतल्या पडद्याला झालेली इजा अशी भरून येईलच असे नाही, आणि अवरक्त किरणांमुळे वर्षानुवर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो. (औषधाच्या दुकानातून बधिर करणारे थेंब आणून कोणी वारंवार घालत असेल, तर त्याला कृपया थांबवा. दुखणे थांबते, पण जखम भरत नाही.)

काच रंगावर नव्हे, नंबरावर, म्हणजे ती किती गडद आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर, निवडायची असते, आणि तो नंबर यंत्राच्या अँपिअरवर, म्हणजे विजेच्या प्रवाहावर, ठरतो. वेल्डिंग क्षेत्रातील प्रचलित अमेरिकन तक्त्यानुसार प्लाझ्मा कटिंगला २० ते ४० अँपिअरसाठी ५, ४० ते ६० साठी ६ आणि ६० ते ८० साठी ८ नंबरची काच लागते. त्यापुढे ३०० अँपिअरपर्यंत किमान ८ आणि शक्यतो ९. गॅस कटिंगचा चष्मा साधारण ५ नंबरचा असतो, म्हणून तो ६० अँपिअरच्या प्लाझ्माला पुरत नाही. शंका असेल, तर ८ पासून सुरुवात करावी. आपोआप काळी होणारी स्क्रीन घेताना ती किती नंबरपर्यंत खाली येते, हे जरूर पाहावे, कारण अनेक स्क्रीन ९ ते १३ याच टप्प्यात चालतात आणि कमी अँपिअरच्या कामात कापायची रेषाच दिसत नाही. स्क्रीनच्या आत बाजूंनी बंद असलेला पारदर्शक चष्मा हवा, कारण स्क्रीन वर केल्यावरच ठिणगी आणि कापलेल्या धातूचे कीट डोळ्यांत उडते. आणि पत्रा धरणाऱ्यालाही काम करणाऱ्याइतकीच काच हवी. माझ्या भावाला ती मी दिली नाही.

मान्य आहे, वैशाखात पत्र्याच्या शेडखाली घामाने काच धुरकटते आणि रेषा दिसेनाशी होते. पण म्हणून मुलाचे डोळे उघडे ठेवायचे का? लाखभर रुपयांचे यंत्र घेणाऱ्याला काही शे रुपयांची काच जड होते, हे मला सहन होत नाही. २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम १९४८ मधील कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होते. आमच्या छोट्या गाळ्यांना ते लागू नव्हते, असे मालक सांगतील. नसेलही लागू, पण डोळे तर तेच आहेत ना?

हे लिहिता लिहिता राग थोडा ओसरला. ते मालकही कधीतरी कोणाचा तरी पत्रा धरूनच हे काम शिकले असतील, आणि त्यांनाही कोणी नंबर सांगितला नसेल.

घरी आल्यावर भावाला फोन केला. आज त्याचा स्वतःचा गाळा आहे. त्या रात्रीबद्दल त्याने मला कधी एका शब्दानेही दोष दिला नाही, आजही दिला नाही. तो फक्त म्हणाला, "दादा, त्या पोराला काच नेऊन दे." ८ नंबरच्या दोन काचा मी पिशवीत ठेवल्या आहेत, एक कापणाऱ्यासाठी आणि एक पत्रा धरणाऱ्यासाठी. सकाळी गाळा उघडायच्या आधी अंबडला पोचणार आहे.