झूम नाही, मग घेतली कशाला?

काल रात्री आकाशगंगेचे ७२ फोटो काढले. सकाळी कॉम्प्युटरवर उघडले, तर ७१ फोटोंत एकेक तारा बत्ताशाएवढा. हे कुणाचं काम ते मला पक्कं ठाऊक आहे. पण भांडायची सोय नाही, त्यांनी मला चहा पाजला होता.

अंबाजोगाईच्या पुढं बालाघाटातला माळ, वैशाखातली अमावस्या, रात्रीचा एक. १४ मिलिमीटरची वाइड लेन्स. नुसता फोकस लावायला पाऊण तास गेला. लेन्सवर अनंताची, म्हणजे फार लांबचं स्पष्ट दिसण्याची, खूण असते. पण पत्रिकेतल्या मुहूर्ताचा आणि अक्षतांचा जेवढा संबंध, तेवढाच तिचा आणि खऱ्या अनंताचा. म्हणून वृश्चिकातली ज्येष्ठा स्क्रीनवर मोठी करून फोकसची रिंग केसभर इकडं, केसभर तिकडं. अखेर तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला. शटर २० सेकंद. त्याहून फार ताणलं की पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. पहिला फोटो चालू असतानाच बांधावरून बॅटरी हलत आली.

"कोन हाय? मोजनीला आलाव का?"

ट्रायपॉड दिसला की आमच्याकडं लोकांना आधी जमीन जाताना दिसते. त्यात त्यांचं चुकत नाही.

"नाही आबा. चांदण्यांचे फोटो काढतोय."

आबांनी बॅटरी आभाळाकडं मारून चांदण्या जागेवर आहेत का ते पाहिलं.

"आवसंला?" मग बॅटरी माझ्या पिशवीत. गुप्तधनवाल्याचं लिंबू-कुंकू निघालं नाही, बिस्किटं निघाली. आबा जरा हिरमुसले. दोन बिस्किटं खाऊन म्हणाले, "किती झूम हाय?"

"याला झूम नाही."

"झूम न्हाई, मग घेतली कशाला? मपल्या नातवाच्या मोबाइलात चंद्रावरले खड्डे दिसतेत."

"यात आभाळ जास्त मावतं, आबा."

"मावतंय, पन बारीक होतंय की! एकरभर रानाचा फोटू काढला तर कनीस दिसंल का?"

याला उत्तर नाही. गेले तीन तास शोधतोय. किंमत विचारली तेव्हा घरी सांगतो तशी निम्मीच सांगितली. तरी "दोन शेळ्या आल्या असत्या, पिलांसकट" हे ऐकावं लागलंच. वायव्येला कललेली बाज आणि तिचे तीन चोर, म्हणजे आपले सप्तर्षी, दाखवून ते म्हणाले, "हे बिनझूमचं दिसतंय मला." आणि "हे फिरतंय व्हय?" म्हणत रिंग फिरवली. अंधारात मला कळलंसुद्धा नाही.

खरं तर या वयात माणसानं रात्री एक वाजता अंथरुणात असावं. पण मोटारीची लाइन बाराला येते, म्हणून आबा चिखलात, साप चुकवत उसाला पाणी देतायत. आणि गावच्या रिकाम्या चौकात हायमास्ट ढणढणतोय. माझ्या प्रत्येक फोटोचा एक कोपरा त्यानं नारिंगी केलाय. उजेड कुणाला आणि कशाला, हे विचारायला गेलं की अर्ज द्या म्हणतात. मी दोन दिलेत.

नीट आलेला एकमेव फोटो तो पहिलाच. खाली बांधावरून आबांच्या बॅटरीची वाकडी रेघ, वर अख्खी आकाशगंगा. नातवाच्या नंबरावर पाठवला. आत्ताच उत्तर आलं :

"आजोबा म्हणतेत बॅटरी झकास आली. वर धूर कशाचा हाय?"