नोज टॅकल 'नुसता जाडा' नसतो हो

ग्रुपवर फिरतंय की अमेरिकन फुटबॉलमधला नोज टॅकल म्हणजे नुसता जाडा गडी, सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं) नाहीत म्हणजे कामाचा नाही. चुकीचं आहे हे. थ्री-फोर डिफेन्समध्ये (पुढे तीन लाइनमन, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर अशी बचावाची मांडणी) तो बरोब्बर समोरच्या टीमच्या सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या मधल्या गड्याच्या, नाकासमोर उभा राहतो, म्हणून तर हे नाव, आणि त्याचं काम क्वार्टरबॅकला पाडणं नाहीच मुळी, सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड दोघांना अंगावर घेऊन जागचं हलायचं नाही म्हणजे मागचे लाइनबॅकर मोकळे सुटतात आणि टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) त्यांच्या नावावर लागतात (बिचारा हा!). पेट्रियट्स टीमचा माजी नोज टॅकल विन्स विल्फोर्क बघा, जवळपास १४७ किलोचा, अख्ख्या कारकिर्दीत १३ सीझनमध्ये फक्त १६ सॅक, तरी ५ वेळा प्रो बोलसाठी (लीगमधल्या निवडक स्टार खेळाडूंचा सामना) निवड. आता बोला.