बिनविरोधचे हार घालणाऱ्यांनो, जरा ऐका

आज आमच्या पाणी वापर संस्थेची निवडणूक झाली. अप्पर वर्धा धरणाच्या कालव्यावरचं एक मायनर, म्हणजे वावरांकडं पाणी नेणारा छोटा फाटा, तीन गावांचं शिवार, ३०० च्या वर खातेदार. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी आठला पेटी मांडली, चारला बंद केली. मतं पडली ४१. मतपत्रिकांचा अर्धा गठ्ठा सुतळी न सोडता तसाच परत गेला. निवडणुकीसाठी आलेले साहेब दुपारपासून फळ्यावरचा सुविचार वाचत बसले होते. शेवटी त्यांनी शिपायाला पानठेल्यावर पाठवलं, ‘बोलवा बरं कोणाला’ म्हणून.

पानठेला शाळेच्या फाटकापासून पन्नास पावलांवर आहे. तिथं दिवसभर पंधरा-वीस जण हजर. कापसाच्या आयात शुल्कावर बोलून झालं, सोयाबीनच्या हमीभावावर झालं, दिल्लीत कोणी काय करायला पाहिजे तेही ठरलं. मी जाऊन म्हटलं, चला ना भाऊ, दोन मिनिटांचं काम आहे. तर एक जण सुपारी कातरता कातरता म्हणाला, “कोनीबी येऊ द्या ना निवडून, आपल्याले काय फरक पडते?”

फरक काय पडते ते सांगतो. मागच्या रब्बीतली गोष्ट. चण्याचे घाटे भरायची वेळ. आधी टेलला, म्हणजे मायनरच्या शेवटाला पाणी, मग मिडलला, मग हेडला, म्हणजे वरच्या तोंडाला, असं पाळीपत्रक संस्थेच्या भिंतीवर चिकटवलेलं. आमच्या टेलला मात्र थेंब नाही. शेजारच्या धुऱ्यावरच्या दादाजींना घेऊन रात्री बॅटरी लावून मायनरच्या काठाकाठानं वर निघालो. अर्ध्या रस्त्यात पाण्याचा आवाज आला. कालव्यात पाणी होतं, पण वर एका आउटलेटच्या, म्हणजे वावरात पाणी सोडायच्या तोंडाच्या, खाली युरियाच्या चुंगड्या माती भरून, एकावर एक, आडव्या बसवलेल्या. काम एवढं नीट की बांधकामावरच्या मिस्त्रीनं केल्यासारखं. सगळं पाणी त्या एका वावरात. अध्यक्षांना फोन लावला. माणूस भला, रात्रीचा मफलर गुंडाळून मोटरसायकलवर आला. आला आणि गाडीवरून खालीच उतरला नाही. ज्याचं वावर त्यानं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, अध्यक्षालाच म्हणाला, “तुले अध्यक्ष कोनं केलं रे? आमीच केलं ना?”

आणि ते खोटं नव्हतं. मागच्या वेळी सगळं संचालक मंडळ बिनविरोध झालं होतं. कसं झालं? याच पानठेल्यावर हेडच्या चार-पाच मोठ्या कास्तकारांनी बसून नावं ठरवली. गावानं हार घातले, पेढे वाटले, ‘गावात एकोपा आहे’ म्हणून फोटो टाकले. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी त्या फोटोला अंगठे दिले होते ते मला आठवते, नावं लिहीत नाही.

एकोपा कसला डोंबलाचा! चार लोकांनी बसवलेला माणूस त्या चार लोकांना ‘चुंगडी काढ’ म्हणू शकत नाही, एवढा साधा हिशोब आहे. त्या रात्री अध्यक्षाच्या पाठीशी दोनशे मतं असती तर तो गाडीवरून उतरला असता. कदाचित चुंगडीला हात घालायची गरजही पडली नसती. मी त्या माणसाला आजही दोष देत नाही. त्याला कोणी निवडलंच नव्हतं, तो जोर आणणार कुठून?

आता जाणकार म्हणतील, हे सिंचन खात्यानं पाहायला पाहिजे. भाऊ, २००५ चा कायदा आहे, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. नावातच शेतकरी आहे. पाणी घनमापानं मोजून संस्थेच्या हवाली करायचं, मायनरच्या आत कोणाला कधी किती ते संस्थेनं पाहायचं, पाणीपट्टी संस्थेनं गोळा करायची. प्रत्येकानं पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म घेऊन सिंचन शाखेच्या पायऱ्या झिजवायच्या, त्यातून सुटका व्हावी म्हणून तर ही सोय. संचालकही हेड, मिडल, टेल अशा तिन्ही भागांतून घ्यायचे असतात. वरचा माणूस खालच्याला आपणहून पाणी सोडत नसतो हे कायदा लिहिणाऱ्यांना मुंबईत बसून समजलं. आम्हाला वावरात उभं राहून समजत नाही.

नाशिककडे दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथं शेतकऱ्यांच्या संस्थांनी एकेका मायनरपासून सुरुवात करून अख्ख्या प्रकल्पाचं पाणी स्वतः सांभाळून दाखवलं. हे सांगितलं की आपल्याकडं ठरलेलं उत्तर येते, ‘त्यांच्याकडं द्राक्षं आहेत, पैसा आहे.’ बरं बाबा, आहे पैसा. पण टेलला पाणी पोहोचलं नसतं तर तिथल्या टेलवाल्यानं द्राक्षं कशाच्या भरवशावर लावली असती?

आपण मात्र सिंचनाचा अनुशेष, अनुशेष करत गळा काढायला पहिले. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ला राजीव गांधींनी केलं, पुढं कालव्यांची कामं किती वर्षं रखडली, हे भाषण आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. अप्पर वर्धाचं पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला द्यायचं म्हटलं तेव्हा अमरावतीत मोर्चे निघाले, आणि बरोबर निघाले. धरणातलं पाणी शेतकऱ्याचंच, असं आपण ओरडून सांगितलं. आता तेच पाणी आपल्या मायनरच्या तोंडाशी आलं, ते कोणी वाटायचं हे ठरवायला शाळेपर्यंत पन्नास पावलं चालवत नाही.

विहीरवाल्यांचं वेगळंच. “माही विहीर हाये, सौर पंप बसला, मले कालव्याशी काय करा लागते?” अरे, कालवा वाहते तेव्हा तुझ्या विहिरीचं पाणी चढते, आणि कालवा बंद पडला की तीच विहीर उन्हाळ्याआधी तळ दाखवते. हे तुझ्या बापाला माहीत होतं.

बरं, वेचणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाही, हे धरलं. यादीत मेलेल्या माणसांची नावं आहेत, नागपूर-पुण्याला गेलेल्यांची आहेत, आणि जो मक्त्यानं वावर वाहतो, रात्री खरा पाणी ओलतो, त्याचं नाव आमच्या यादीत नाही, हेही धरलं. ३०० तली कितीतरी नावं यातच गेली. पण पानठेल्यावरचे वीस जण जिवंत होते की नाही? गावातच होते की नाही?

आणि बायांची गोष्ट तर विचारूच नका. सातबारा बायकोच्या नावानं, आणि नवरा येऊन म्हणते, “तिचं मत मीच टाकतो ना साहेब, ती स्वयंपाकात हाये.” साहेबांनी नाही म्हटलं, तर हा राग धरून स्वतःचंही मत न टाकता परत गेला. बायकोला पाठवलं नाही ते नाहीच.

एक मात्र आली. तीनच्या सुमारास टेलच्या शेवटच्या वावराची काकू आली. नवरा वारल्यावर दीड एकर तिच्या नावानं चढलं. दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाते, मजुरी किलोवर, म्हणजे जेवढा वेळ शाळेत तेवढा कापूस कमी. कमरेला ओटी तशीच बांधलेली, पदराला कापसाची फुटकं चिकटलेली. आत गेली, शिक्का हातात घेतला, आणि थांबली. बाहेर येऊन मला हळूच विचारते, “चिठ्ठी कोनी पायते काय रे बाप्पा, म्या कोनाले देलं थे?”

मला आधी समजलंच नाही ही एवढी काऊन भिते. मग उमगलं, ती ज्याच्या वावरात वेचणीला जाते ते त्याच चुंगडीवाल्याचं वावर आहे. साहेबांनी तिला समजावून सांगितलं, पेटीतून कोणाचं मत कोणतं ते ओळखता येत नाही, कोणी पाहत नाही. ती परत आत गेली. त्या कागदाच्या एवढ्या घड्या घातल्या की कापसाच्या सरकीएवढा करून पेटीत टाकला, आणि लगेच वावराच्या रस्त्याला लागली. तिला या मतानं मजुरी जायची भीती होती, तरी आली. पानठेल्यावरच्यांचं काय जाणार होतं? खर्रा?

जाऊ द्या, लिहिता लिहिता शिव्या यायला लागल्या.

तर निकाल असा. टेलच्या जागेसाठी पहिल्यांदाच दोघांनी फॉर्म भरले होते, त्यात जो पोरगा आला तो २३ मतांनी आला, समोरच्याला १८. हरलेल्यानं येऊन हात मिळवला. दोघंही जण चांगले आहेत, दोघांनीही घरोघरी जाऊन संस्थेचा जमाखर्च विचारला, हे आमच्या मायनरवर आजपर्यंत कोणी केलं नव्हतं. पण २३ मतांवर त्या पोरानं रात्रीच्या वेळी त्या आउटलेटवर जाऊन उभं राहायचं आहे. दादाजी म्हणाले, “मी जाईन त्याच्यासंगं.” दादाजींचं वय पाहता मला यात समाधान वाटत नाही.

यादी दुरुस्तीसाठी मी या आठवड्यात संस्थेत अर्ज टाकतो आहे. ज्यांचा सातबारा अजून वारलेल्या बापाच्या नावानं आहे त्यांनी आधी तलाठ्याकडं वारसाचा फेरफार करून घ्या, नक्कल माझ्याकडं आणून द्या, झेरॉक्सचे पैसे मी देतो. पत्नीच्या नावानं जमीन असेल तर तिलाच पाठवा, माझी बायको घरी आहे, फॉर्म ती भरून देईल. आणि खाली कमेंटमध्ये ‘सिस्टीमच सडली आहे दादा’ लिहिणाऱ्यांनी आधी आपला गट नंबर लिहावा आणि आज चार वाजेपर्यंत कुठं होते ते लिहावं. मग पुढचं बोलू.