कानाला खाच असलेली कुत्री उचलायची नसते

आज दुपारी आमच्या गल्लीतून नगर परिषदेच्या गाडीनं तांबीला उचलून नेलं. तांबी म्हणजे किराणा दुकानाच्या पायरीवर पडून असणारी म्हातारी कुत्री. कानाला खाच आहे, म्हणजे तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, रेबीजची लस टोचलीय आणि ती या गल्लीची म्हणून कुठल्यातरी रजिस्टरला नोंद असायला हवी. कुणीतरी नव्या नगरसेवकाला फोन केला, "गल्लीत कुत्रे लई झालेत." तासाभरात गाडी, तारेचा फास, पिंजरा. दुकानातल्या काकूंनी विचारलं, "कुठं सोडायलात रे तिला?" गाडीवरचा पोरगा म्हणाला, "बायपासच्या तिकडं, कचरा डेपोला. वरून सांगितलंय काकू."

वरून कुणी सांगितलं? कायदा तर नेमकं उलटं सांगतो. केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम १० मार्च २०२३ ला आले, २००१ चे जुने नियम गेले. पण एक गोष्ट जुन्यातही होती आणि नव्यातही आहे: जिथून धरलं तिथंच परत सोडायचं. आणि आधीच खाच असलेली, चांगली धडधाकट कुत्री दिसली तर गाडी पुढं न्यायची. खाच कापतातच त्यासाठी, लांबूनच कळावं म्हणून.

आता काय होणार ते ऐका. मटणाच्या दुकानामागची छाटण, मंगल कार्यालयाचं उष्टं, वाहती कचराकुंडी असेल तिथं कुत्र्यांची जागा कधी मोकळी राहत नाही. तांबी आणि तिच्यासोबतच्या दोघी-तिघी नाल्याकडच्या टोळीला गल्लीच्या तोंडावरूनच हाकलायच्या. आता ती टोळी आत येणार. त्यांचं ऑपरेशन नाही, लस नाही, माणसांची सवय नाही. आणि तिकडं डेपोवर उपाशी, एकमेकांना अनोळखी कुत्र्यांचा कळप वाढत जाणार. त्या डेपोवर कचरा वेचणाऱ्या बायका असतात, त्यांची लेकरं असतात. त्यांच्यातल्या कुणाकडं नगरसेवकाचा नंबर नसतो.

हो, कुत्री चावतात. लहान लेकरांना तोंडावर चावतात आणि रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की माणूस वाचत नाही. हेही मान्य की ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेजं, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं आणि क्रीडासंकुलं इथली कुत्री ऑपरेशन-लस करून निवाऱ्यात ठेवायला सांगितलंय, परत तिथं सोडायची नाहीत असं सांगितलंय. ठीक आहे, तसं करा. पण गल्ली त्या यादीत नाही आणि कचरा डेपो म्हणजे निवारा नाही.

उलट चाव्यासाठी तरी तांबी जागेवरच पाहिजे होती. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, दवाखान्यात जायचं, लस सुरू करायची आणि चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची. चावताना लाळेत विषाणू असेल तर ते कुत्रं या दहा दिवसांत आजारी पडतं, मरतं. कुत्रंच डेपोला नेऊन सोडलं तर दहा दिवस बघणार कुणाकडं? सरकारी दवाखान्यात चाव्यांची नोंद होते. ती यादी दर आठवड्याला गल्लीच्या नावासकट नगर परिषदेत आली पाहिजे. कुठं चावे वाढलेत हे त्या यादीवरून कळतं, नगरसेवकाच्या फोनवरून नाही.

नगर परिषदेच्या या खात्याचं खरं दुखणं म्हणजे ते तक्रारीवर चालतं. आज या वॉर्डात दोन, उद्या त्या वॉर्डात तीन, असं वर्षभर गाडी फिरते आणि संख्या आहे तिथंच राहते. साधा हिशेब करा. समजा गावात ३,००० कुत्री आहेत. त्यातल्या ७० टक्क्यांची ऑपरेशनं झाल्याशिवाय पिलावळ आटोक्यात येत नाही, म्हणजे २,१०० ऑपरेशनं. एक सराईत डॉक्टर आणि दोन मदतनीस दिवसाला पंधरा कुत्री नीट करू शकतात. महिन्याचे कामाचे वीस दिवस धरले तर ३०० होतात, सात महिन्यांत काम पुरं. दिवसाला दोनच केली तर महिन्याला चाळीस. तोवर पहिल्या वॉर्डातल्या पिल्लांनाच पिल्लं झालेली असतात. एक वॉर्ड घ्यायचा, रस्त्यानं चालत पहाटे कुत्री मोजायची, माद्या वेगळ्या लिहायच्या, तो वॉर्ड सत्तर-ऐंशी टक्क्यांवर नेऊनच पुढच्या वॉर्डात जायचं. दुसरा रस्ता नाही.

आणि हे सगळं भाद्रपदाच्या आत. आपल्याकडं कुत्र्यांचा माज मुख्यतः श्रावण-भाद्रपदात येतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. त्रेसष्ट दिवसांनी पिल्लं, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली लेंढार. मुख्य मोहीम फाल्गुनापासून आषाढापर्यंत चालली पाहिजे. आमच्याकडं टेंडरची फाईल दिवाळीनंतर हलते. तेव्हा निम्म्या माद्या गाभण असतात नाहीतर दूध पाजत असतात. गाभण मादीच्या गर्भाशयाच्या शिरा फुगलेल्या, रक्तस्राव जास्त, वेळ दुप्पट. दूध पाजणारी धरून आणली तर तिची पिल्लं नालीत मरतात. पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध सुटेपर्यंत तिला धरायचंच नसतं. मग मार्च आला की उरलेला निधी संपवायची घाई, आणि त्या घाईत कुत्री मरतात.

आता धरण्याबद्दल. तारेचा फास गळ्यात रुततो, कुत्रं जीभ चावतं, घाबरून मुततं आणि पुढचे दोन दिवस खात नाही. दोघांनी समोरासमोर जाळं धरलं, तिसऱ्यानं हळूच हुसकलं तर गडबड न होता कुत्रं येतं. वेळ पहाटेची. एप्रिल-मेत पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा सकाळी आठनंतर पिंजऱ्यात एकही कुत्रं ठेवू नये, पत्र्याच्या गाडीत ते उष्माघातानं जातं. पिंजऱ्यात घालतानाच गळ्यात नंबरचा पट्टा, आणि त्याच नंबरापुढं वहीत वॉर्ड, गल्ली, ठळक खूण, रंग, नर की मादी, वेळ. मोबाईलवर जागेचा फोटो काढला तर सोन्याहून पिवळं. ही ओळ लिहिली नाही की पाच दिवसांनी कुत्रं कुठलं हे कुणालाच माहीत नसतं. मग सगळ्यांना मिळून बायपासला सोडलं जातं. तांबीला नेताना पट्टा घातला नाही, वही उघडली नाही, हे काकूंनी डोळ्यांनी बघितलंय.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपास, नाहीतर गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. वजन काट्यावरच करायचं. अंदाजानं गुंगीचं इंजेक्शन दिलं की हाडकुळं कुत्रं उठत नाही आणि जाडं कुत्रं अर्ध्यात जागं होतं. मादीचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं पूर्ण काढायची. अंडाशयाचा तुकडा राहिला तर ती पुन्हा माजावर येते आणि लोक म्हणतात ऑपरेशनचा काही उपयोग नाही. आतली गाठ सैल बसली तर पोटात रक्त साचून मादी रात्रीत जाते. प्रत्येक कुत्र्याला वेगळा, ऑटोक्लेव्हमधून (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) काढलेला हत्यारांचा संच पाहिजे. एकाच ट्रेमधल्या हत्यारांनी पाच कुत्री केली की तिसऱ्या दिवशी पू होतो. विरघळणारे टाके, वेदनेचं इंजेक्शन, लस, गुंगीतच कानाची खाच. शुद्धीवर येईपर्यंत कुशीवर, जीभ बाहेर काढून, उघड्या फरशीवर नाही तर पोत्यावर. पुढं किमान चार दिवस एका पिंजऱ्यात एकच कुत्रं. दोन एकत्र ठेवले की एक दुसऱ्याचे टाके चाटतं, जखम उघडते, माशा बसतात, किडे पडतात. दिवसाला पंधरा ऑपरेशनं आणि प्रत्येकी पाच दिवस मुक्काम म्हणजे ७५ पिंजरे लागणार. वीस पिंजरे बांधून दिवसाला पंधराचं टेंडर काढणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून ठरवलेलंच असतं की कुत्री दुसऱ्या दिवशी बाहेर.

पाण्याचं मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो हा मुलूख. पण पिंजरे धुण्याला पर्याय नाही, म्हणून निवारा बांधतानाच छताचं पाणी टाकीत घ्यायचं आणि फरशीला नीट उतार ठेवायचा. धुण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी घाण खरवडून काढायची, मग साबण, मग ब्लीचचं पाणी, एकाला तीस, आणि ते दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते तिथंच संपतं, पार्व्होचा विषाणू तसाच राहतो आणि आठवड्यात सगळी पिल्लं रक्ताची हगवण लागून जातात. लसीचा फ्रिज २ ते ८ अंशांत, दिवसातून दोनदा तापमान लिहून. भारनियमनात तापलेली बाटली दिसायला अगदी चांगल्या बाटलीसारखीच असते, म्हणून वहीशिवाय दुसरा पुरावा नाही.

त्या गाडीवरच्या पोरावर मात्र मला राग काढायचा नाही. कंत्राटी आहे. हातात जाड हातमोजे नव्हते. चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस, पहिला दिवस, सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा, ती त्याला दिलीय का, हे विचारलं तर तो खाली बघत होता. रोज कुत्री धरणाऱ्या माणसाला तीन इंजेक्शनं न देता रस्त्यावर पाठवणं हा गुन्हाच आहे, मग कायदा त्याला काहीही म्हणो. त्याला चावलं तर त्याच्या घरात कोण बघणार आहे?

आणि जे कागदावर आहे ते तरी करा. ऑपरेशनं करणाऱ्या संस्थेकडं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं मान्यतेचं प्रमाणपत्र पाहिजे. या कामावर देखरेख करणारी सनियंत्रण समिती पाहिजे आणि ती बसली पाहिजे. बिल काढायच्या आधी, ऑपरेशनात काढून फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवायचं द्रावण) ठेवलेले अवयव मोजून रजिस्टरशी ताडायचे असतात. हे मोजणं झालं नाही तर ५०० कुत्र्यांचं बिल निघतं आणि खाच दोनशे कानांना दिसते. डॉक्टर मिळत नाही ही सबब तर ऐकवतच नाही. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला आहे. करार करा, शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली येतील, त्यांचाही हात बसेल.

मोकाट गुरांच्या कोंडवाड्याचं थोडक्यात सांगतो, कारण खातं तेच आणि माणसंही तीच. १८७१ च्या कायद्यावर चालणारी ही जागा बहुतेक गावात चार भिंती आणि एक कोरडी हौद एवढीच उरलीय. सोडलेली गोऱ्हं आत येतात, पोटात किलोकिलोनं प्लास्टिक, चारा कुणाच्या नावावर टाकायचा हे ठरत नाही. कानात बारा अंकी बिल्ला असेल तर मालक सापडतो. आत घेतानाच तो नंबर लिहा, दंड आणि चाऱ्याचा खर्च त्याच्याकडून घ्या. बिल्ला कापलेला असेल तर तेही लिहा.

मी उद्या अर्ज देतोय. ज्यांच्या गल्लीतून अशी कुत्री गेली त्यांनीही द्या. माहिती अधिकाराला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एवढंच मागा: संस्थेच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत, सनियंत्रण समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, अवयव मोजल्याची नोंद, लसीच्या फ्रिजची तापमान वही, कुत्री धरणाऱ्या कामगारांच्या लसीकरणाची नोंद, आणि गाडीचं लॉगबुक, ज्यात कुत्रं कुठून धरलं आणि कुठं सोडलं हे दोन्ही रकाने भरलेले असतील.