लिडस्ट्रॉमला ‘मऊ’ म्हणण्याआधी १९९७ ची फायनल बघा

निकलास लिडस्ट्रॉम, म्हणजे आइस हॉकीतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज टीमचा स्वीडिश डिफेन्समन (बचाव करणारा खेळाडू), त्याच्याबद्दल एक दावा सारखा फिरत असतो. हा माणूस ओव्हररेटेड, कुणाला कधी धड धडक मारली नाही, डेट्रॉइटची टीमच एवढी तगडी होती की तिथे कुणीही चार स्टॅनली कप (एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगचं विजेतेपद) जिंकले असते, आणि सात नॉरिस ट्रॉफ्या (लीगच्या सीझनमधल्या बेस्ट डिफेन्समनला मिळते ती) नुसत्या नावावर मिळाल्या. मी मिशिगनमध्ये राहतो, रेड विंग्जचा फॅन आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघडच आहे, पण मुद्दे बघा आणि मग ठरवा.

आधी ते ‘मऊ’ प्रकरण, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो. १९९७ ची फायनल, समोर फिलाडेल्फिया, त्यांच्याकडे एरिक लिंड्रॉसची लाइन (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड), तिला ‘लीजन ऑफ डूम’ म्हणायचे, तिघेही धिप्पाड आणि लिंड्रॉस तर सहा फूट चार इंच. सगळ्यांना वाटत होतं की कोच स्कॉटी बोमन त्याच्यासमोर व्लादिमिर कॉन्स्टँटिनॉव्हला उतरवणार, कारण हाडं खिळखिळी करणारा डिफेन्समन तो. बोमननी काय केलं, लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फीची जोडी लावली, दोघेही धडकेसाठी प्रसिद्ध नाहीत. डेट्रॉइटनी ४-० नी सिरीज मारली. लिंड्रॉसचा अख्ख्या फायनलमध्ये एकच गोल, तोही चौथ्या मॅचच्या शेवटच्या काही सेकंदात, सगळं संपल्यात जमा असताना.

हे त्यानं कसं केलं ते जुन्या क्लिप्स स्लो करून बघा. समोरचा पक (बॉलऐवजी असते ती रबरी चकती) घेऊन सुसाट येतोय, हा उलटा स्केटिंग करत मागे मागे जातोय, मध्ये साधारण एका स्टिकचं अंतर, स्टिकचं पातं बर्फाला टेकलेलं आणि आतली वाट बंद. त्यामुळे येणारा आपोआप बाहेर बोर्डकडे (कडेच्या भिंतीकडे) सरकत जातो, जागा संपत येते, त्याचा पकवरचा ताबा जरासा सुटतो आणि टक्, पक लिडस्ट्रॉमकडे. धडक नाही, आवाज नाही, आणि दुसऱ्या क्षणी पक उलट्या दिशेनं निघालेला. धडक मारायला जाऊन चुकलात तर तुम्ही जागा सोडून बसता आणि मागे गोली एकटा पडतो, तो धोका त्याला घ्यायची गरजच पडायची नाही. बरं, पेनल्टी किती? १५६४ मॅचमध्ये ५१४ मिनिटं. म्हणजे साधारण सहा मॅचमध्ये एकदा दोन मिनिटांसाठी बाहेर, आणि हे रोज समोरच्या टीमच्या सगळ्यात डेंजर लाइनविरुद्ध खेळून!

आता टीमचं. टीम भारी होती, यझरमन, फेडोरोव्ह, शॅनाहन, कोण नाकारतंय. पण १९९७, १९९८, २००२ आणि २००८ असे चारही कप जिंकणारे पाचच जण आहेत आणि त्यातले लिडस्ट्रॉम सोडून चौघेही फॉरवर्ड. म्हणजे पहिल्या कपपासून चौथ्यापर्यंत डिफेन्समधला बाकी प्रत्येक माणूस बदलला, हा एकटा राहिला. शिवाय २००५ नंतर सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावर मर्यादा) आली, पैसे ओतून स्टार जमवायचे दिवस संपले, आणि त्याच्या सातपैकी चार नॉरिस त्यानंतरच्या आहेत. २००५-०६ मध्ये अडवाअडवीचे नियम कडक झाले, भले भले डिफेन्समन गोंधळले आणि या पस्तिशीतल्या माणसानं करिअरमधले सगळ्यात जास्त ८० पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) काढले. २००८ चा कप तर कॅप्टन म्हणून उचलला, युरोपात जन्मलेला आणि तिथेच तयार झालेला असा पहिला कॅप्टन.

आणि डेट्रॉइट बाजूला ठेवा ना, २००६ चं टोरिनो ऑलिंपिक घ्या. स्वीडन-फिनलंड फायनल, २-२, तिसरा पीरियड सुरू होऊन फक्त १० सेकंद, याचा शॉट, गोल, स्वीडनला गोल्ड.

मोठ्या वेळेला थंड पडतो असंही काही जण जोडतात. २००२ च्या प्लेऑफची (सीझननंतरच्या कपसाठीच्या नॉकआउट फेऱ्यांची) पहिलीच फेरी, व्हँकुव्हर २-० नी पुढे, तिसऱ्या मॅचमध्ये १-१, दुसरा पीरियड संपायला अर्धा मिनिटसुद्धा नाही आणि यानं जवळजवळ मैदानाच्या मधूनच पक मारला तो गोली डॅन क्लूटियेला चकवून आत. गोलीची चूक होतीच, पण तिथून डेट्रॉइटनी ओळीनं चार जिंकल्या, पुढे कप जिंकला आणि प्लेऑफमधल्या बेस्ट खेळाडूची कॉन स्मायथ लिडस्ट्रॉमला, ती मिळवणारा पहिला युरोपियन.

उरली २०११ ची नॉरिस. इथे मी वाद घालणार नाही. त्या सीझनला तो मायनस दोन होता (म्हणजे तो बर्फावर असताना टीमनं मारलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल दोननी जास्त), करिअरमध्ये पहिल्यांदाच मायनसमध्ये, आणि दुसरा डिफेन्समन शे वेबर मतांमध्ये अगदी थोडक्यात मागे राहिला. वेबरला मिळायला हवी होती असं कुणी म्हटलं तर मला पटतं. पण मग १९९८, १९९९ आणि २००० असा ओळीनं तीन वर्षं लिडस्ट्रॉम दुसरा आला तेही मोजा. आणि ती २०११ ची काढूनच टाका हवं तर, सहा धरा. तरी त्याच्या पुढे दोनच नावं राहतात, बॉबी ऑर आठ आणि डग हार्वी सात.