सीलंटखाली कीड कोंडते का?

नमस्कार. सीलंटवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. भाचीच्या दाढांना सीलंट (खाचा बुजवणारा प्लास्टिकचा पातळ थर) लावलं आणि दोन वर्षांत त्यातल्याच एका दाढेचं रूट कॅनॉल करावं लागलं, म्हणजे डॉक्टर प्लास्टिकखाली कीड कोंडतात आणि वर पैसे घेतात, असं तुमचं म्हणणं. आजोबांचे दात बाभळीच्या काडीवर शेवटपर्यंत टिकले, हेही तुम्ही लिहिलंय.

मुलीला केवढं सोसावं लागलं असेल, याची मला कल्पना आहे. तिची दाढ मी पाहिलेली नाही, पण असं बहुतेक वेळा कसं होतं ते सांगते.

धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. तीच युक्ती अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण थरावर, करून पाहिली. आम्लाने एनॅमलवर बारीक छिद्रं पडतात, सीलंटचं पातळ रेझिन (द्रव प्लास्टिक) त्यांत उतरतं आणि निळ्या प्रकाशाने कडक होतं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. पण प्रकाश देण्याआधी क्षणभर जरी लाळ लागली, तरी ती छिद्रं बुजतात आणि आम्ल पुन्हा लावावं लागतं. सहा वर्षांच्या मुलाची शेवटची दाढ, तिच्यावर अर्धवट हिरडी, वळवळणारी जीभ! मदतनीस नसेल किंवा घाई असेल, तर दाढ कोरडी राहत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांत एक कोपरा सुटतो, त्याखाली बिस्किटाचा लगदा शिरतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. दाढ किडते ती तिथून.

सीलंट अखंड असेल तर उलट घडतं. आत राहिलेल्या जंतूंना साखर मिळत नाही आणि खड्डा न पडलेली सुरुवातीची कीड तिथेच थांबते. खड्डा पडला असेल तर मात्र सीलंट नाही, फिलिंगच करायचं. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. कोपरा सुटलेला दिसला तर तेवढाच पुन्हा भरता येतो. माझ्या लेखात मी लावण्याबद्दल भरभरून लिहिलं आणि या तपासणीवर एक ओळही नाही. ही चूक माझी. लेखात आजच भर घालते.

प्लास्टिकबद्दल: लावल्यावर काही तास लाळेत अत्यल्प बीपीए (प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं एक रसायन) सापडू शकतं, म्हणून आम्ही वरचा थर पुसून मुलाला चूळ भरायला लावतो.

आजोबांच्या काळी दिवसातून चारदा बिस्किटं नव्हती. शिवाय दाढेच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात, काडी तर त्यांत जाणारच नाही. मुलांच्या पक्क्या दातांतली बहुतांश कीड याच खाचांत सुरू होते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मते सीलंट पहिल्या दोन वर्षांत दाढांमधली ८० टक्के कीड टाळतं.

आणखी एक, कारण हे रोज ऐकते. सहाव्या वर्षी येणारी दाढ कुठलाही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. गाल सुजलेलं मूल घेऊन आलेली आई विचारते, "पडणारच आहे ना ही, डॉक्टर?" ती पडणार नसते. तीच जन्मभराची दाढ असते.

भाचीच्या उरलेल्या दाढांवरचं सीलंट या महिन्यातच कुणाकडून तरी तपासून घ्या. माझ्याकडेच यायला हवं असं नाही.